आन्सीचं तळं आणि ताईचा पासपोर्ट

फ्रान्समध्ये कुणाला 'हॅपी बास्तीय डे' म्हणून बघा. समोरचा दोन सेकंद नुसता तुमच्याकडे बघत राहतो. कारण हे नाव आपल्यासारख्या बाहेरच्यांनी ठेवलेलं. ते लोक या दिवसाला फक्त 'चौदा जुलै' म्हणतात. आपण 'पंधरा ऑगस्ट' म्हणतो ना, अगदी तसंच! १७८९ मध्ये या तारखेला पॅरिसच्या लोकांनी बास्तीयचा तुरुंग फोडला. आत कैदी किती होते माहितीये? मोजून सात. पण राजाच्या तुरुंगावर लोक चालून गेले, ही बातमी सातशे कैद्यांपेक्षाही मोठी होती. १८८० पासून हा दिवस तिथला राष्ट्रीय सण आहे. आणि अर्थातच, सुट्टी!

सुट्टी हा विषय फ्रेंच लोक आपल्यासारखा हसण्यावारी नेत नाहीत. वर्षाला ११ सार्वजनिक सुट्ट्या. शिवाय पाच आठवड्यांची भरपगारी रजा. १९३६ मध्ये कामगारांनी दोन आठवडे मिळवले, ते वाढत वाढत १९८२ मध्ये पाचावर पोचले. सुट्टी मंगळवारी किंवा गुरुवारी आली की मधला सोमवार किंवा शुक्रवारही टाकून द्यायचा, याला ते 'पूल बांधणं' म्हणतात. आपण जोडून रजा टाकतो आणि वर बॉसला ताप आल्याचं सांगतो, ते पूल बांधतात! २०१७ पासून तर ऑफिसची वेळ संपल्यावर मेल न बघण्याचा हक्कच तिथल्या कायद्यात आलाय. आता हे वाचून लगेच रिझ्युमे अपडेट करायला घेऊ नका. पुढचंही वाचा.

२०२५ मध्ये १४ जुलै सोमवारी आला. म्हणजे पूलबिल काही नको, सरळ तीन दिवसांचा वीकएंड. मी एका कामासाठी जिनिव्हात होते आणि तिथून साधारण चाळीस किलोमीटरवर, सीमेच्या पलीकडे, फ्रान्समधल्या आन्सी नावाच्या गावात माझी मावसबहीण राहते. बेअरिंग बनवणाऱ्या कंपनीत इंजिनीअर आहे. स्वित्झर्लंड आणि फ्रान्स दोन्हीकडे एकच शेंगेन व्हिसा चालतो. त्यामुळे शनिवारी सकाळी बसमध्ये बसले आणि एका डुलकीत देश बदलला.

पण मी नुसती फिरायला चालले नव्हते. माझ्यावर एक कामगिरी होती. निघायच्या आधी काटोलहून मावशीचा फोन आला होता. "तू जाऊनच राहिली आहेस तर विचारून ये, परत कधी येणार म्हणते ते. मले फोनवर काही सांगत नाही."

ताई २०१९ मध्ये तिकडे गेली. २०२१ च्या एप्रिलमध्ये कोविडनं काका गेले, तेव्हा तिला येता आलं नाही. तिनं सगळं मोबाइलच्या स्क्रीनवर बघितलं. तेव्हापासून मावशी एकटी आणि तिच्या सोबतीला संत्र्याची बाग. त्यामुळे 'परत कधी येणार' हा आमच्या घरातला साधा प्रश्न राहिलेला नाही. तो विचारला की फोनवर दोन्हीकडे शांतता पसरते.

व्हेनिस म्हणू नका, प्लीज!

आन्सीला सगळे ब्रोशरवाले 'आल्प्सचं व्हेनिस' म्हणतात. चार कालवे दिसले की व्हेनिस करून टाकायचं, ही जगभरची खोड आहे. ताईला याचा भयंकर राग येतो. "व्हेनिसमध्ये समुद्राचं पाणी आहे. इथलं पाणी आम्ही पितो," ती म्हणाली. त्या 'आम्ही'कडे माझं तेव्हाच लक्ष गेलं होतं. पण बोलले नाही.

गाव खरंच पोस्टकार्डातून उचलून ठेवल्यासारखं आहे. साडेचौदा किलोमीटर लांबीचं तळं, त्याच्या भोवती डोंगर आणि तळ्याच्या एका टोकाला गाव. तळ्यातून तिऊ नावाची नदी निघते, जुन्या गावातून वळणं घेत जाते आणि जेमतेम साडेतीन किलोमीटरवर दुसऱ्या नदीला मिळते. संपली नदी! आपल्याकडे एवढ्या अंतरात रिक्षावाला मीटरही टाकत नाही. नदीच्या दोन्ही बाजूंना गुलाबी, पिवळ्या, फिकट हिरव्या रंगांची घरं आणि प्रत्येक खिडकीत फुलांच्या कुंड्या. सेंट क्लेअरच्या गल्लीत दुकानं दगडी कमानींच्या आत आहेत, म्हणजे पाऊस आला तरी शॉपिंग चालू. वर टेकडीवर जिनिव्हाच्या काउंटांचा जुना किल्ला.

जिनिव्हाचे काउंट आन्सीत कसे? हीच तर या गावाची गंमत आहे. इथं शतकानुशतकं अशीच माणसं येऊन राहिलीत, ज्यांचा पत्ता एक आणि गाव दुसरं.

सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे फ्रान्स्वा द साल. १६०२ मध्ये हे जिनिव्हाचे बिशप झाले. पण जिनिव्हा तोवर कट्टर प्रोटेस्टंट झालं होतं, कॅथलिक बिशपला तिथं बसायची सोय नव्हती. त्यामुळे 'जिनिव्हाचे बिशप' राहिले आन्सीत. आपल्या गावापासून चाळीस किलोमीटरवर, १६२२ मध्ये मृत्यू येईपर्यंत! तरुणपणी लोक त्यांचं प्रवचन ऐकायला येईनात, तेव्हा या माणसानं एक आयडिया केली. पानभर मजकूर लिहायचा, प्रती काढायच्या आणि रात्री लोकांच्या दाराखालून आत सरकवायच्या. याच कामामुळे १९२३ मध्ये पोपनी त्यांना पत्रकारांचे आणि लेखकांचे संत म्हणून जाहीर केलं. दर महिन्याला मानधनाच्या चेकची वाट बघणाऱ्या माझ्यासारख्या फ्रीलान्सरनं अशा माणसासमोर हात जोडायला नकोत का?

टेकडीवरच्या बॅसिलिकात त्यांचे अवशेष ठेवलेत. तिथं गेलो तेव्हा ताईनं मला कोपरानं ढोसलं. "ओळखलंस की नाही? हेच ते! एसएफएस!"

नागपूरकर वाचक एव्हाना खुर्चीतून उठले असतील. सेंट फ्रान्सिस डी सेल्स! सेमिनरी हिल्सवरचं एसएफएस कॉलेज, एसएफएस शाळा, नागपूरचं कॅथेड्रल, सगळी नावं याच माणसाची. १८३८ मध्ये आन्सीच्याच परिसरात त्यांच्या नावानं एक मिशनरी संस्था निघाली. १८४५ मध्ये तिची पहिली तुकडी विशाखापट्टणमकडे जायला जहाजात बसली आणि पुढे हे लोक नागपूरपर्यंत पोचले. १८८७ मध्ये नागपूरचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. या थंडगार तळ्याच्या काठावरची माणसं नागपूरच्या मे महिन्यात कशी राहिली असतील, देव जाणे! त्यातले कितीतरी परत आलेच नाहीत. इथं त्यांच्या आयांनीही कुणाला तरी विचारलं असेल, परत कधी येणार म्हणतोय?

दोनदा दूध

रविवारी सकाळी जुन्या गावात बाजार भरतो. जर्दाळू, चेरी, सॉसेज, मध आणि चीजचे डोंगर. ताईनं रब्लोशों नावाचं चपटं, गोल चीज घेतलं आणि त्याची गोष्ट सांगितली. ती ऐकून मी तिथेच ठरवलं, हे आपल्याच लोकांनी शोधलेलं असणार!

जुन्या काळी इथल्या डोंगरातले शेतकरी जमिनीच्या मालकाला दुधाच्या हिशेबानं खंड द्यायचे. मालकाचा माणूस दूध मोजायला आला की हे गायीचं अर्धंच दूध काढायचे. तो गेला की पुन्हा गोठ्यात शिरून उरलेलं काढायचे. दुसऱ्या वेळचं दूध कमी पण जास्त सायीचं. त्याचंच हे चीज. रब्लोशों म्हणजे साधारण 'पुन्हा पिळलेलं'. आपल्याकडे गाय पान्हा चोरते म्हणतात, इथं गायीचं नाव कशाला, कुळांनीच चोरला! १९५८ पासून या चीजच्या नावाला कायद्याचं संरक्षण आहे. ज्या पदार्थाचा जन्मच मालकाचा डोळा चुकवून झाला, त्यालाच सरकारी शिक्का!

बाजारातून परतताना ताईनं आणखी एक कोपरा दाखवला. जुन्या बिशप हाउसच्या अंगणात एक सोनेरी कठडा आहे. १७२८ च्या मार्चमध्ये जिनिव्हाचा एक पंधरा वर्षांचा पोरगा संध्याकाळी गावाबाहेर भटकत राहिला. परत येईपर्यंत गावाचे दरवाजे बंद झाले. झालं! पोरानं ठरवलं, आता परत जायचंच नाही. भटकत भटकत तो आन्सीत आला आणि इथं त्याला मादाम द वारां भेटली. ती त्याच्याहून तेरा वर्षांनी मोठी. तो पार तिच्या प्रेमात! पुढे आयुष्यभर तो ती जागा विसरला नाही. तो पोरगा म्हणजे जाँ-जाक रुसो. हो हो, राज्यशास्त्राच्या पुस्तकातला रुसो. फ्रेंच क्रांतीवाले ज्याची पुस्तकं डोक्यावर घेऊन नाचले, तोच.

"याच्या पासपोर्टची भानगड माहितीये?" ताईनं विचारलं. पुढे तो कॅथलिक झाला, त्यामुळे त्याचं जिनिव्हाचं नागरिकत्व गेलं. १७५४ मध्ये परत प्रोटेस्टंट होऊन त्यानं ते मिळवलं. १७६३ मध्ये चिडून स्वतःच सोडून दिलं. "घेतलं, गेलं, घेतलं, सोडलं," ताई बोटांवर मोजत म्हणाली, "आणि तरी माणूस तोच होता ना?"

हा प्रश्न नव्हता, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

२३५ नाही

चौदा जुलै उजाडला. पुलांवर निळे-पांढरे-लाल झेंडे, बस रविवारच्या टाइमटेबलवर आणि कॅफेतल्या टीव्हीवर पॅरिसची परेड. २०२३ मध्ये याच परेडमध्ये आपल्या तिन्ही दलांच्या तुकड्या चालल्या होत्या आणि पंतप्रधान मोदी प्रमुख पाहुणे होते. कॅफेवाल्यानं मला भारतीय म्हटल्यावर तेवढं आठवणीनं सांगितलं. बाहेर नदीच्या मधोमध पॅले द लील ही बाराव्या शतकातली दगडी इमारत जहाजासारखी उभी आहे. आन्सीचा सगळ्यात जास्त फोटो काढला जाणारा स्पॉट. कधी सरदाराचं घर, कधी कोर्ट, कधी टांकसाळ आणि कितीतरी वर्षं तुरुंग. दुसऱ्या महायुद्धातही इथं कैदी कोंडले होते. म्हणजे तुरुंग फोडल्याच्या सणाला अख्खं पब्लिक तुरुंगासमोर सेल्फी काढत होतं!

त्यात आणखी एक मजा. ज्या १७८९ चा हा सण, तेव्हा आन्सी फ्रान्समध्ये नव्हतंच! हा सगळा सॅव्हॉय प्रांत तेव्हा सार्डिनियाच्या राजाचा होता. क्रांतीनंतर फ्रेंच फौजा आल्या, वीस-पंचवीस वर्षं राहिल्या आणि गेल्या. कायमचा फ्रान्स झाला तो १८६० मध्ये. राजानं आधी करार केला आणि मग २२ आणि २३ एप्रिलला लोकांना विचारलं, फ्रान्समध्ये जायचं का? हो म्हणणारे १,३०,५३३. नाही म्हणणारे किती? फक्त २३५. एवढा एकतर्फी निकाल तर आमच्या सोसायटीच्या निवडणुकीतही लागत नाही, जिथं उमेदवारच एक असतो! इतिहासकार सांगतात की 'नाही'च्या चिठ्ठ्या मिळणंच मुश्कील होतं. काही का असेना, दोन दिवसांत लाखो माणसांचा देश बदलला. घर तेच, डोंगर तेच, गायी त्याच. त्याच वर्षी नेपोलियन तिसरा बायकोला घेऊन आन्सीला आला, त्याच्यासाठी तळ्यावर दिव्यांचा उत्सव केला. दर ऑगस्टमध्ये इथं तळ्यावर जी प्रचंड आतषबाजी होते, तिचं मूळ तेच.

"दोन दिवसांत," ताई म्हणाली. "मला तर नुसती कागदपत्रं जमवायला आठ महिने लागले."

"कसली कागदपत्रं?"

आम्ही तळ्याकाठच्या पाकिए नावाच्या मोठ्या हिरवळीवर बसलो होतो. पाकिए म्हणजे गायरान. कधीकाळी गायी चरायच्या, आता गावातली पोरंटोरं लोळतात. ताईनं रब्लोशोंचा तुकडा पावात घातला, मला दिला आणि म्हणाली, "नागरिकत्वाचा अर्ज करतेय. इथल्या."

मी काही बोललेच नाही. तिनं सगळं सांगून टाकलं. पाच वर्षं राहिलं की अर्ज करता येतो. तिची सहा झाली. २०२६ च्या १ जानेवारीपासून फ्रेंच भाषेची अट वरच्या पातळीची होणार होती, त्याच्या आत फाइल द्यायची होती. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, म्हणजे इथलं मिळालं की आपला निळा पासपोर्ट परत करायचा. मग ओसीआय कार्ड. व्हिसाशिवाय येता येतं, पण मत देता येत नाही.

"आणि मावशी?"

"तिला अजून सांगितलेलं नाही."

"का पण, ताई? राहायला कार्ड आहे तुझ्याकडे. पगार आहे. पासपोर्ट कशाला बदलायचा?"

ती लगेच बोलली नाही. मग म्हणाली, "दर वेळी कार्ड संपत आलं की तीन महिने झोप लागत नाही. नोकरी गेली तर काय, हा हिशेब डोक्यात चालूच. बाबा गेले तेव्हा सुद्धा मी रडता रडता विचार करत होते, आता गेले तर परत येऊ देतील का? असं कुठल्याही गावात राहायचं नाहीये मला. ना इथं, ना तिथं."

सांडपाणी कुठं जातं?

मी तिला विचारलं, तुला हे गाव आपलं वाटतं? म्हणजे खरंखुरं? मला वाटलं, ती डोंगरांबद्दल काहीतरी बोलेल. सेझाननं १८९६ मध्ये या तळ्याचं ते प्रसिद्ध निळं-हिरवं चित्र काढलं, तसं काही. पण ताई शेवटी इंजिनीअर. ती म्हणाली, "इथलं सांडपाणी कुठं जातं, ते मला माहितीये."

मी हसले. ती नाही हसली.

आज 'युरोपातलं सगळ्यात स्वच्छ तळं' म्हणून मिरवणारं हे पाणी सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी मरायला टेकलं होतं. काठावरची गावं आणि हॉटेलं, सगळ्यांची घाण थेट तळ्यात. १९४० च्या दशकात इथल्या पॉल सर्वेताझ नावाच्या डॉक्टरनं ओरडायला सुरुवात केली, हे तळं संपत चाललंय. लोकांना आधी पटेना. टुरिस्ट येताहेत, पाणी निळं दिसतंय, मग डॉक्टरचं काय ऐकायचं? तरी तो बोलत राहिला. शेवटी १९५७ मध्ये काठावरची गावं एकत्र आली, महापौर शार्ल बोसों यांनी ते मनावर घेतलं आणि तळ्याभोवती सांडपाण्याची पाइपलाइन टाकायचं काम सुरू झालं. कंबरपट्ट्यासारखी. घाण गोळा करायची, शुद्धीकरण केंद्रात न्यायची आणि शुद्ध केलेलं पाणीसुद्धा तळ्यात न सोडता पुढच्या नदीत सोडायचं. तळ्यात काहीही नाही! हे काम वर्षानुवर्षं चाललं. एकट्या एका गावाला जमलंच नसतं, कारण नऊ गावांनी पाइप टाकला आणि दहाव्यानं नाही, तर उपयोग शून्य.

"बरं, त्या पाइपनी कुणाला मतं मिळतात?" ताई म्हणाली. "जमिनीखाली असतो, फीत कापायला सुद्धा दिसत नाही. पण लोकांनी पैसे भरले. मी पण भरते, पाण्याच्या बिलात. आणि इथल्या महापौराला मी मत देऊ शकत नाही."

एवढं बोलून ती उठली आणि पोहायला गेली. जुलैत पाणी बावीस-तेवीस डिग्री असतं, पोहायला एकदम सही. आजूबाजूला हंस, पेडल बोटी, आज्या, बाळं, ऑफिसातली माणसं. सगळं गाव पाण्यात होतं. कुणाच्याही हातात फोन नव्हता. माझ्या फोनवर मात्र पुण्याहून एका संपादकांचे दोन मिस्ड कॉल होते. पंधरा तारखेची डेडलाइन. फ्रीलान्सरला कसला आलाय चौदा जुलै!

"मृग फुटलाय"

पाच वाजता ताईचा फोन वाजला. भारतात साडेआठ. मावशीची जेवणं उरकून फोन करायची वेळ. ताईनं ओल्या हातानं स्पीकर ऑन केला.

"काय करून राहिल्या पोरीहो? जेवल्या का?"

इकडचं तिकडचं झालं. मग ताईनं एकदम सांगून टाकलं. प्रस्तावना नाही, काही नाही. "आई, मी इथलं नागरिकत्व घ्यायचा अर्ज करतेय."

पलीकडे टीव्हीवरची मालिका ऐकू येत होती. मावशीनं ती बंद केली, तेही ऐकू आलं.

"म्हणजे आपला पासपोर्ट?"

"तो परत द्यावा लागतो. पण दुसरं कार्ड मिळतं. केव्हाही येता येतं."

"अन् बाग?"

"वारसानं आलेली चालते आई. नवीन शेती विकत घेता येत नाही."

"नवीन कोण घेऊन राहिलं इथं? हायेत ती झाडं सांभाळून होत नाहीत." मग बराच वेळ कुणीच बोललं नाही. ताई गवताची पाती उपटत होती. मला वाटलं, आता मावशी रडणार, नाहीतर फोन ठेवणार.

"तिथलं पाणी चांगलं हाय?"

"समोर तळं आहे. तेच पितो आम्ही, आई."

"हं." पुन्हा शांतता. "बागेले उन्हाळ्यात ताण देला होता. आता मृग फुटलाय, चांगला फुटलाय. फेब्रुवारीत तोडणी. तवा ये. कोणता का पासपोर्ट असंना, तोडणीले ये."

फोन बंद झाला. ताई काही न बोलता सरळ पाण्यात शिरली आणि खूप लांब पोहत गेली. मी काठावरून तिचं डोकं बघत बसले. एक काळा ठिपका आणि त्याच्या मागे उंचच उंच डोंगर.

मला दिलेल्या कामगिरीचं उत्तर मावशीनं स्वतःच मिळवलं होतं. 'परत कधी येणार' याला तारीख नसते, हे बहुधा तिला आमच्याही आधी कळलं असावं. म्हणून तिनं 'तोडणीला कधी येणार' विचारलं. त्याला तारीख असते.

ताईनं ऑक्टोबरमध्ये फाइल दिली. निकाल अजून यायचाय, या गोष्टींना वेळ लागतो. फेब्रुवारीत ती दोन आठवडे काटोलला येऊन गेली, पाच आठवड्यांच्या भरपगारी रजेतून. मृगाची संत्री तोडून झाल्यावर नागपुरात माझ्या घरी आली. आम्ही रिक्षानं चाललो होतो तेव्हा नाग नदीचा पूल आला, आणि वासानं दोघींचे हात नाकाला गेले. "हे सगळं कुठून येतं गं?" तिनं विचारलं. रिक्षावाल्या काकांनी मागे न बघता उत्तर दिलं, "आपल्याच घरून, मॅडम."

आन्सीला जायचं असेल तर जरूर जा. पॅरिसहून थेट ट्रेन आहे, जिनिव्हाहून बस आहे. भाड्याची सायकल घ्या, तळ्याभोवती साधारण चाळीस किलोमीटरचा मस्त रस्ता आहे. शक्यतो मंगळवार, शुक्रवार किंवा रविवार धरा, म्हणजे बाजार मिळेल. प्रेमिकांच्या पुलावर फोटो काढा, तिथं किस घेतला की जोडी आयुष्यभर टिकते म्हणे. आणि पाण्यात उतरा, नुसतं काठावरून रील बनवून परत येऊ नका.

मी पुण्यात आठ वर्षं राहतेय. परत आल्यावर सोसायटीच्या सेक्रेटरी काकांना गाठलं आणि विचारलं, काका, आपल्या बिल्डिंगचं सांडपाणी नक्की कुठं जातं? ते चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "का? फ्लॅट विकत घेतेस की काय?"

अजून तरी नाही, काका. पण तुम्ही हे वाचताय ना, तुमच्या सोसायटीचं कुठं जातं, एकदा विचारून बघाच.